शर्यतीत पडलेल्यांचा न्याय

श्रमाने माणसाच्या डोळ्यांपुढे काळोख येतो, पाय लटपटतात, कानांत घूं घूं असा नाद भरतो आणि जमीन आपल्याकडे वर येत आहे असा भास होतो. या अवस्थेला नावे देण्यात आपल्या भाषा कृपण नाहीत. घेरी, भोवळ, झीट, चक्कर, अंधारी हे शब्द मराठीत आहेत. कोकणीत घुंवळ आहे. तालमीत पहिल्याच दिवशी जोर-बैठकांचा हव्यास धरणाऱ्या पोरापासून भर दुपारी घाट चढणाऱ्या हमालापर्यंत या शब्दांचा अनुभव कोणास नाही? पडलेल्याच्या तोंडावर पाणी मारावे, त्यास सावलीत निजवावे, एवढे शहाणपण खेडोपाडीही आढळते.

तथापि हाच माणूस शर्यतीत पडला म्हणजे प्रकरण इतके सोपे राहत नाही. त्यास हात द्यावा तर तो नियमाने बाद होतो. न द्यावा तर कदाचित प्राणास मुकतो. या एका प्रश्नावर क्रीडाजगताने विसाव्या शतकाची पाऊणशे वर्षे खर्ची घातली. आम्ही वैद्य नव्हे, मल्लही नव्हे. आमचा व्यवसाय कायद्याचा; आणि नियम, पुरावा व निवाडा या तिन्ही दृष्टींनी हा इतिहास आम्हांस विलक्षण बोधप्रद वाटतो, म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रारंभ दंतकथेपासून करणे प्राप्त आहे. इ. स. पूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सकरांनी इराणी सैन्याचा पराभव केला, ती वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावला, ‘जय झाला’ एवढे सांगून गतप्राण झाला, ही कथा शाळकरी मुलांसही ठाऊक असते. परंतु त्या युद्धाचा सर्वांत जुना इतिहासकार हेरोडोटस ही कथा सांगतच नाही. त्याचा दूत लढाईपूर्वी अथेन्सहून स्पार्टास मदत मागावयास धावतो, आणि मरत नाही. मरणाची कथा प्लुटार्क व लूशियन यांच्या लेखनात येते, म्हणजे घटनेनंतर पाचशे-सहाशे वर्षांनी. आणि दूताच्या नावाविषयी त्या दोघांतही एकवाक्यता नाही. आमच्या न्यायालयात असला ऐकीव पुरावा क्षणभर टिकला नसता. परंतु फ्रेंच पंडित मिशेल ब्रेआल याने या कथेवरून सुचविले, आणि १८९६ साली अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या अर्वाचीन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनची शर्यत दाखल झाली. अशा रीतीने धावता धावता मरणे हेच ज्या शर्यतीचे मूळ वैभव, ती जगात रूढ झाली. पुढील अनर्थाचे बीज या वैभवाच्या कल्पनेत आहे, असे आमचे मत आहे.

आपल्याकडील जुने शास्त्र मात्र निराळे बोलते. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायामाची मर्यादा घालून दिली आहे: बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेसुद्धा अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, तोही थंडीत व वसंतात, इतर ऋतूंत त्याहून कमी. अतिव्यायामाने तहान, धाप, ग्लानी, ज्वर, वांती इत्यादी विकार होतात असे सांगून, हत्तीस ओढू पाहणारा सिंह जसा स्वतःच नाश पावतो तसा अतिश्रमी नाश पावतो, असा दृष्टान्त तो देतो. यात ऋतूचा विचार आहे, हे वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. कारण पाश्चात्त्य क्रीडाधुरीणांना तोच धडा फार महाग पडला.

१९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे मॅरेथॉन झाली. महिना ऑगस्ट, वेळ दुपारची, उष्णतामान सुमारे ३२ अंश, रस्ते धुळीचे, आणि पुढेमागे चालणाऱ्या मोटारींनी ती धूळ धावणाऱ्यांच्या नाकातोंडात भरलेली. पाणी न पिता माणूस किती धावू शकतो याविषयी व्यवस्थापकांस कुतूहल होते. म्हणून संपूर्ण मार्गावर पाण्याची सोय जवळजवळ एकाच ठिकाणी, एका विहिरीपाशी ठेवण्यात आली. ३२ जण निघाले, १४ पोहोचले. एका स्पर्धकाच्या पोटात धूळ जाऊन रक्तस्राव झाला व तो रस्त्यात पडलेला आढळला. विजयी ठरलेला टॉमस हिक्स पाणी मागत होता, तेव्हा त्याच्या साहाय्यकांनी त्यास पाणी न देता केवळ तोंड ओले केले. पुढे अंड्याचा बलक वगळून उरलेला पांढरा भाग, ब्रँडी आणि कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे विष थोड्या मात्रेने दिले. तो शेवटी इतका भ्रमिष्ट झाला होता की त्यास जवळजवळ धरूनच आणावे लागले. तथापि निकाल त्याच्याच बाजूने लागला. विष चालले, आधारही चालला! त्या दिवशी नियम झोपला होता.

चार वर्षांनी लंडन येथे तो खडबडून जागा झाला. २४ जुलै १९०८ रोजी विंडसरच्या राजवाड्यापासून व्हाइट सिटी क्रीडांगणातील राजघराण्याच्या सज्जापर्यंत २६ मैल ३८५ यार्डांची शर्यत योजिली होती. हेच अंतर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, पुढे १९२१ साली प्रमाण म्हणून मान्य झाले. ५५ जण निघाले. क्रीडांगणात प्रथम प्रवेश केला तो दोरांदो पिएत्री या इटालियनाने. कार्पी गावच्या मिठाईच्या दुकानात काम करणारा हा ठेंगणा तरुण आत शिरला तो उलट्या दिशेस वळला. पंचांनी त्यास वळविले, तो पडला. उठला, पुन्हा पडला. शेवटचे साडेतीनशे मीटर जाण्यास त्यास सुमारे १० मिनिटे लागली, आणि तेवढ्या अवधीत तो अनेकदा कोसळला. हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत शर्यतीचे कार्यवाह जॅक अँड्र्यू व डॉक्टर मायकेल बल्जर यांनी त्यास उभे केले, सावरले, आणि अंतिम रेषेपलीकडे नेले. २ तास ५४ मिनिटे ४६ सेकंद अशी त्याची वेळ लागली. त्यामागून अमेरिकेचा जॉनी हेज स्वतःच्या पायांनी आला. अमेरिकन पक्षाने हरकत घेतली, ती मान्य झाली, दोरांदो बाद ठरला.

निवाडा कायद्याने चूक होता काय? मुळीच नाही. ज्यास शर्यत जिंकावयाची त्याने ती स्वतःच्या बळाने जिंकावी, हा नियम न्याय्यच आहे. आणि मागून आलेल्या हेजचा हक्क बुडविणे हा उघड अन्याय झाला असता. परंतु बल्जर डॉक्टरांच्या ठिकाणी वाचकांनी आपणांस कल्पावे. पुढ्यात माणूस मरतो आहे असे दिसते आणि हात लावला की त्याचे पदक जाते. अशा वेळी जो वैद्य हात मागे घेईल तो वैद्य कसला? दोष नियमाच्या अपुरेपणात होता. ‘मदत’ या एका शब्दात दोन भिन्न कृत्ये कोंबली गेली होती: पडलेल्यास उचलणे आणि उचललेल्यास पुढे ढकलणे. पहिले माणुसकीचे कर्तव्य, दुसरे स्पर्धेतील अन्याय. हा भेद करण्यास पुढे कित्येक दशके लागली. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने दोरांदोस सोन्याचा मुलामा दिलेला चषक अर्पण केला, आणि आर्थर कॉनन डॉईल या विख्यात लेखकाच्या पुढाकाराने त्याच्यासाठी तीनशे पौंडांहून अधिक वर्गणी जमली. कायद्याने हिरावले ते लोकांनी दुसऱ्या मार्गाने परत केले. समाजाची न्यायबुद्धी नियमाच्या पुढे धावत असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१९१२ साली स्टॉकहोम येथे मात्र लोकांस केवळ शोक करणे उरले. १४ जुलैचा तो दिवस उत्तरेकडील त्या देशास असह्य वाटावा इतका उष्ण होता. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो, लिस्बनमधील एक सुतार, सुमारे तीस किलोमीटर अंतरावर कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. अर्वाचीन ऑलिंपिकमधील स्पर्धेत झालेला हा पहिला मृत्यू. उन्हाने कातडी भाजू नये म्हणून त्याने अंगास चरबीचा लेप लावला होता, आणि त्या लेपाने घाम अडविला असे मागाहून मानले गेले. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी उष्म्याने बेजार होऊन मार्गालगतच्या एका कुटुंबाच्या घरी विसावला आणि अधिकाऱ्यांस न कळविताच स्वदेशी परतला. स्वीडनच्या दप्तरी तो बेपत्ताच राहिला! १९६७ साली त्यास सन्मानाने बोलावून ती शर्यत पुरी करू देण्यात आली, आणि त्याची वेळ ५४ वर्षे ८ महिने ६ दिवस ५ तास ३२ मिनिटे २०.३ सेकंद अशी नोंदविण्यात आली. वाचक हसतील, आम्हीही हसलो. परंतु या विनोदाच्या तळाशी एक गंभीर सत्य आहे. एकजण थांबला नाही आणि मेला. दुसरा थांबला आणि पंचावन्न वर्षांनी नातवंडांच्या गोष्टी सांगत परत आला. शर्यत सोडण्याची बुद्धी होणे हाही एक पराक्रम आहे.

याच संदर्भात आपल्या बेळगावच्या एका धावपटूचे स्मरण करणे उचित होईल. १९२० साली अँटवर्प येथे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत अनवाणी धावणाऱ्या खेडुतांची चिकाटी पाहून सर दोराबजी टाटा यांनी हिंदी खेळाडूंस ऑलिंपिकला धाडण्याचा उद्योग आरंभिला होता, त्याचे हे फळ. त्या वर्षीचे अंतर नेहमीहून अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले २ तास ५० मिनिटांच्या घरात पोहोचून १९वा आला. पदकाच्या हिशेबात ही संख्या क्षुद्र वाटेल. परंतु अपरिचित देशात, अपरिचित हवेत, एवढे अंतर शुद्धीवर राहून पुरे करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. सीमाभागातील क्रीडेचा इतिहास लिहिणाराने त्याचे नाव पहिल्या पानावर घ्यावे.

आता आम्ही ज्या प्रकरणाकडे वळतो त्यास, आमच्या मते, क्रीडेच्या इतिहासातील सर्वांत वाईट निवाडा म्हटले पाहिजे. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे स्त्रियांची ८०० मीटरांची शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच झाली. जर्मनीच्या लीना राडके हिने २ मिनिटे १६.८ सेकंदांत ती जिंकून जागतिक विक्रम केला; जपानची किनुए हितोमी दुसरी व स्वीडनची इंगा गेंट्सेल तिसरी आली. शर्यत संपल्यावर काहीजणी दमून गवतावर आडव्या झाल्या, जसे पुरुषही होतात. परंतु वर्तमानपत्रांनी हाहाकार केला. एका अमेरिकन वार्ताहराने तर अकरा अभागी स्त्रिया धावल्या, त्यांपैकी पाचजणींनी शर्यत मध्येच सोडली आणि पाचजणी शेवटी कोसळल्या, असे लिहिले. वस्तुस्थिती अशी की अंतिम शर्यतीत धावल्या नऊजणी, आणि नऊच्या नऊजणी पोहोचल्या. धावल्याच नव्हत्या त्या दोघी या वार्ताहरास कोठे दिसल्या, हे त्याचे त्यासच ठाऊक! पण त्या बोभाट्याचा परिणाम असा झाला की स्त्रियांची ही शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली, ती १९६० साली रोम येथेच परतली. बत्तीस वर्षांची शिक्षा, आणि पुरावा खोटा!

येथे दोन निवाडे शेजारी ठेवून पाहावेत. १९०८ साली एक पुरुष अनेकदा पडला, त्यास राणीने चषक दिला आणि जगाने वीर म्हटले. १९२८ साली काही स्त्रिया धावून झाल्यावर पहुडल्या, तर समस्त स्त्रीजातीस मध्यम अंतर धावण्यास अपात्र ठरविण्यात आले. कृत्य एक, निकाल दोन. भोवळ येणे हा शरीराचा धर्म. परंतु ती कोणास आली यावरून तिचा अर्थ लावणे हा समाजाचा पूर्वग्रह.

शरीराचा हा धर्म आता पुष्कळ उलगडला आहे, आणि तो समजून घेतल्यास त्या स्त्रियांवरील आरोपातील हवाच निघून जाते. माणूस धावत असतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलागणिक पायांतील रक्त वर हृदयाकडे पिळून चढवीत असतात. अंतिम रेषेवर तो एकाएकी थांबला की हा उपसा बंद पडतो. रक्त पायांत साचते, रक्तदाब उतरतो, मेंदूस पुरवठा कमी पडतो आणि घेरी येते. अशा माणसास आडवे करून पाय उंच धरले की तो बहुधा थोड्याच वेळात उठून बसतो. म्हणून शर्यत संपल्यावर पडणे सहसा भयंकर नसते. धावता धावता मध्येच पडणे मात्र गंभीर मानले पाहिजे, कारण त्यामागे हृदयाचा दोष किंवा उष्माघात असू शकतो. स्नायूंत खर्चलेल्या शक्तीचा सुमारे चौथा हिस्साच गतीच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते. ती घामाच्या बाष्पीभवनाने जावी लागते. आणि आपल्या किनारपट्टीसारखी हवा दमट असली की घाम नुसता निथळतो, वाळत नाही. शरीराचे अंतर्गत तपमान ४० अंशांच्या वर जाऊन माणूस बरळू लागला, त्याची चाल बिघडली, की प्रत्येक मिनिट मोलाचे. त्यास आधी थंड पाण्यात बुडवून गार करावे, मग इस्पितळाची वाट धरावी, असे आजचे वैद्यक सांगते. दोरांदो उलट्या दिशेस वळला, ती धोक्याची घंटा होती. पाण्याविषयीचे मतही बदलले आहे. पूर्वी पाणी तोडण्यात मर्दुमकी मानली जाई. आता गरजेहून फार पाणी प्याल्याने रक्तातील मीठ पातळ होऊन तितकाच घात होऊ शकतो, हेही सिद्ध झाले आहे. तहानेने सांगावे आणि आपण ऐकावे, हा मध्यममार्ग उत्तम.

परंतु नियम शास्त्राच्या मागून हळूहळू चालतो. १९५४ साली व्हँकूव्हर येथे राष्ट्रकुल सामन्यांत इंग्लंडचा जिम पीटर्स, ज्याने मॅरेथॉन प्रथमच २ तास २० मिनिटांच्या आत धावून दाखविली होती, तो प्रतिस्पर्ध्यांस सुमारे सतरा मिनिटे मागे टाकून क्रीडांगणात आला. ऊन कडक होते. पुढील दोनशे मीटरांपेक्षा कमी अंतरास त्यास अकरा मिनिटे लागली. तो पडत, रांगत, पुन्हा उठत होता. शेवटी इंग्लिश संघाच्या मालिशवाल्याने त्यास सावरले, आणि शर्यत त्याच्यापुरती तेथेच संपली. खरी अंतिम रेषा पुढे राहिली होती. निघालेल्या सोळांपैकी सहाच पोहोचले. पीटर्स पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. लंडनच्या प्रसंगास तेव्हा ४६ वर्षे झाली होती, तरी नियमाने ‘मदत’ या शब्दाची फोड केलेली नव्हती.

ती फोड एका स्त्रीमुळे झाली, हा काळाने केलेला न्याय म्हणावा काय? १९८४ साली लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन प्रथमच झाली. ३९ वर्षांची स्विस धावपटू गाब्रिएला अँडरसन-शीस क्रीडांगणात शिरली ती एका बाजूस झुकलेली, एक हात लोंबता, पाय फरफटत. वैद्य धावले, तिने त्यांस दूर सारले, कारण त्यांचा स्पर्श झाला तर ती बाद होणार होती. वैद्यांनी एवढे पाहिले की तिला अद्याप घाम येत आहे, आणि तिच्या बाजूने चालत राहिले. शेवटची चारशे मीटरांची फेरी तिने ५ मिनिटे ४४ सेकंदांत पुरी केली व ३७वी आली. ती सुदैवाने लवकर सावरली. परंतु जगाने त्या दिवशी दूरचित्रवाणीवर जे पाहिले त्याने नियमकर्त्यांचे डोळे उघडले. यानंतर नेमलेल्या वैद्याने स्पर्धकास हात लावून तपासणे ही ‘मदत’ नव्हे, असा नियम झाला. आजच्या नियमानुसार अधिकृत व्यक्तीने पडलेल्यास उठून उभे राहण्यापुरता किंवा उपचारापर्यंत जाण्यापुरता आधार दिला तरी तो बाद होत नाही. पुढे नेले तर होतो. उचलणे निराळे आणि ढकलणे निराळे, हे अखेर लिहिले गेले. बल्जर डॉक्टर आज असते तर दोरांदोस निःशंकपणे उभे करू शकले असते.

येथेच लेखणी थांबवावी तर मन मानीत नाही. कारण पदकासाठी धावणाऱ्यांहून कितीतरी अधिक माणसे आपल्या देशात पोटासाठी धावतात. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावेने चार उमेदवारांचा बळी घेतला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये झारखंडात शिपायांच्या भरतीसाठी एका तासात दहा किलोमीटर धावण्याची अट होती. तेथे दहाहून अधिक तरुण मृत्यू पावले. हे तरुण कोणत्याही दंतकथेसाठी धावत नव्हते. घरी जमीन थोडी, वय वाढत चाललेले, पुढील भरती केव्हा याची शाश्वती नाही. अशा तरुणास छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी थांबणे परवडत नाही. दोरांदो थांबला असता तर पदक गेले असते. हा थांबला तर घराची भाकरी जाते. शरीर जी सूचना देते तीच ऐकण्याची मुभा ज्यास नाही, त्याच्या संमतीस कायद्यात संमती म्हणावे काय, हा प्रश्न आम्ही आमच्या व्यवसायबंधूंपुढे ठेवतो.

यावर उपाय अवघड नाहीत. धाव पहाटे घ्यावी, उन्हाळ्यात व दमट दिवसांत अंतर कमी करावे, हृदयाची तपासणी आधी करावी, मार्गावर पाणी, बर्फ व वैद्य असावेत. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असे की, ज्यास भोवळ आली त्यास त्या दिवशी थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा धावण्याचा हक्क लेखी द्यावा. ऋतू पाहून शक्तीचा अर्धा भाग राखावा, हे वाग्भटाने फार पूर्वी सांगितले होते. ते पंचांनी ऐकले नाही, म्हणून लाझारो गेला. भरतीच्या मैदानावरील अधिकाऱ्यांनी तरी ते ऐकावे. तेथे उद्याही कोणाचा तरी मुलगा पहिल्यांदाच एवढे अंतर धावणार आहे.